झोपेचा अर्ज

माणसाने वेळेवर चौथी पास होऊ नये. आमच्या नातवाने, बंड्याने, २०२४ साली नेमका हाच मूर्खपणा केला.

आदल्या डिसेंबरात राज्यपाल रमेश बैस यांनी शाळकरी मुलांच्या झोपेचा विषय काढला. फेब्रुवारीत सरकारचा हुकूम निघाला, की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग येत्या जूनपासून सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पोराच्या झोपेची चिंता थेट राज्यपालांना! मी गहिवरलो. पण जून उजाडला तेव्हा बंड्या पाचवीत गेलेला. शाळा सातची!

निवृत्त माणसाला दुसरा धंदा नसतो. मी आमदारांना अर्ज लिहायचे ठरवले. नजीर म्हणून कॅलिफोर्निया घेतला. तिकडे २०१९ साली चक्क कायदा झाला आणि २०२२पासून हायस्कुले साडेआठच्या आधी भरत नाहीत. का, तर वयात येणाऱ्या मुलांना मुळातच रात्री उशिरा झोप लागते. म्हणजे तिकडे थोरल्यांची सोय, इकडे धाकट्यांची. मधला बंड्या दोन्हीकडून जागा!

सह्यांसाठी मजल्यावरच्या वीसही खोल्या फिरलो. एक काका म्हणाले, "जाताच आहात तर संडासातल्या दिव्याचं पण टाका." दुसऱ्यांनी नव्या टॉवरची तारीख विचारून घ्यायला सांगितले. झोपेवर बोलली ती फक्त कोपऱ्यावरच्या खोलीतली सून. "काका, सही करते. पण मी आठला घर सोडते, ह्यांची पहिली पाळी. नऊला पोराला शाळेत कोण सोडणार? तुम्ही?"

एका ओळखीच्या मास्तरांना गाठले, तर ते म्हणाले, "अहो, आमच्या एकाच इमारतीत दोन शाळा. दुपारची साडेबाराला भरते. सकाळची नऊला भरवली, तर दुपारच्या पोरांना काय गच्चीवर बसवू?" शाळेच्या बसवाल्यांचाही ह्या नऊला विरोधच होता. भर रहदारीत फेऱ्या मारायच्या कशा, हा त्यांचा सवाल.

खरे म्हणजे, पाळी हा शब्द मला मास्तरांनी शिकवायला नको. आमचे वडील गिरणीत. तिसरी पाळी रात्री बाराला सुरू व्हायची, सकाळी सातला सुटायची. ते घरी येऊन ज्या गोधडीवर आडवे व्हायचे, ती आमच्या अंगाने अजून गरम असायची. एकशे साठ चौरस फुटांत आठ माणसे; तिथे झोपसुद्धा पाळीनेच घ्यावी लागे. शाळेत बाकावर डुलकी लागली की छडी बसायची. आपली झोप कमी पडते आहे, हे कोणाच्या डोक्यातच आले नाही. आम्हाला वाटायचे, आपले गणितच कच्चे.

त्या रात्री अर्ज पक्का करायला बसलो. साडेदहा झाले होते. टीव्हीवर बातम्या, सुनेचा कुकर, बाहेर गॅलरीत कॅरम. मी आवाज चढवून वाचून दाखवू लागलो, "या वयाच्या बालकास रोज किमान नऊ तास झोप आवश्यक असून..."

कोपऱ्यातून पांघरुणाखालून आवाज आला, "आजोबा, लाइट!"

मी हिशेब केला. पहाटे पाचला नळाची बादल्यांची झुंबड, तिथेच त्याची झोप मोडते. म्हणजे साडेसहा तास. त्यातला शेवटचा अर्धा तास तर खुद्द अर्जदारानेच खाल्लेला!

दिवा मालवला. टीव्ही बंद केला. सून म्हणाली, "बाबा, बरं नाही का वाटत?"

दुसऱ्या दिवसापासून आमच्या खोलीत साडेनऊला अंधार. अर्ज मात्र सोडला नाही. खाली एक ओळ वाढवली : 'शाळा नऊची झाल्यास या मजल्यावरील मुलांना सोडण्याची जबाबदारी सदर अर्जदार स्वखुशीने घेत आहे.' कोपऱ्यावरच्या सुनेने ते वाचून दुसऱ्यांदा सही केली.

आमदारांच्या कार्यालयात मी नऊलाच जाऊन बसलो. कार्यालय उघडले अकराला. शिपायाने खांदा हलवून जागे केले तेव्हा मी बाकावर गाढ झोपलेला होतो.

"काय काम आहे आजोबा?"

मी निमूटपणे अर्ज पुढे केला.