कार्डामागची ओळ

भाची अकोल्याहून बाळंतपणाला अमरावतीत आली. रात्री आम्ही दोघींनी पिशवी भरली: जुन्या सुती लुगड्याची दुपटी, टोपडं, माता-बाल संरक्षण कार्ड. कार्डामागे मी पेन्सिलीनं लिहिलं, रक्तगट, रक्त देतील अशा दोघांचे फोन, रात्रीची गाडी कोणाची. डफरिन दवाखाना घरापासून रिक्षाच्या अंतरावर. तरी तिनं तीनदा विचारलं, "मावशी, रात्रीच कळा आल्या त?"

मला मेळघाट आठवला. तिथलं धारणी इथून दीडशे किलोमीटरच्या आसपास. मध्ये घाट, पावसाळ्यात फुगलेले नाले. तिथल्या कोरकू बाईनं कळा सुरू झाल्यावर निघून कसं चालेल? म्हणून आरोग्य केंद्रांत 'माहेरघर' केलं. तारखेच्या आधीच काही दिवस येऊन राहायचं. नाव मला फार आवडतं. पण मागे शेळ्या, लहान लेकरं, रोजी टाकून ती येणार कशी, हे न विचारता तिला अडाणी म्हणणाऱ्यांचा राग येतो.

बाळाला घेऊन घरी परतल्यावर आशाताई येतात: 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी. वजन, ताप, श्वास पाहतात. घरी जाऊन नवजात बाळ जपण्याची ही वाट डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत घालून दिली.

माझ्या थोरल्याला चीक पाजू दिला नव्हता, मध चाटवला होता. अजून सलतं. कार्डावर शेवटची ओळ लिहिली, "तासाभरात अंगावर पाजणे. मध नाही." भाचीनं ती वाचली आणि माझ्या हातून पेन्सिल घेऊन खाली दोन रेघा ओढल्या.