वाऱ्याबरोबर इंधन

भात्यापाशी बसलेल्या लोहाराच्या पोरालाही इतके ठाऊक असते की, वारा वाढविला म्हणजे कोळसाही वाढवावा लागतो. आपल्या मोटारीला टर्बोचार्जर बसवू पाहणाऱ्या हौशी तरुणांना मात्र यातला पहिला अर्धा भागच तोंडपाठ असतो. इंजिनातून वाया जाणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर एक चक्र फिरवावे आणि त्याच आसावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरावी, ही युक्ती मोठी नामी खरी. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियराने तिचे पेटंट १९०५ सालीच घेतले. पण चक्र हवा आणते, पेट्रोल आणीत नाही; आणि त्या वाढलेल्या हवेचा हिशेब कोणी ठेवावयाचा, हाच खरा प्रश्न आहे.

हिशेब चुकला तर काय होते? एक भाग पेट्रोल पुरते जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. दाबाखाली जोराने चालणाऱ्या इंजिनास मात्र याहून अधिक पेट्रोल, म्हणजे बारा भाग हवेस एक भागाच्या आसपास, द्यावे लागते. कारण जादा पेट्रोल वाफ होताना आतील उष्णता शोषून घेते. ते मिळाले नाही तर ठिणगीपासून निघालेली ज्वाळा येऊन पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते, आणि मग दट्ट्याला भोक पडावयास फार वेळ लागत नाही.

मोठमोठ्या कारखानदारांनाही येथे घाम फुटला आहे. १९६२ च्या ओल्डस्मोबिल जेटफायरमध्ये हा भडका आवरण्यासाठी पाणी व मिथिल अल्कोहोल यांचे मिश्रण एका निराळ्या टाकीतून पुरविले जाई. मालकांनी ती टाकी वेळच्या वेळी भरावी, एवढीच अपेक्षा होती; पण तीच फार झाली! १९७५ च्या पोर्श ९११ टर्बोत आत येणारी हवाच एक तबकडी उचलीत असे, व तबकडी जितकी उचलली जाई तितके पेट्रोल सुटे. संगणक नाही, काही नाही. हवा आपला हिशेब आपणच मांडी. आम्हांस ही योजना फार आवडते.

आमच्या परिचयाच्या एका तरुणाने आपल्या जुन्या गाडीबद्दल आम्हांस सल्ला, किंबहुना दुजोराच, मागितला तेव्हा त्याच्यापुढे दोन स्वस्त मार्ग होते. इंजेक्टर तेच ठेवून पेट्रोलचा दाब वाढवावयाचा, हा एक. परंतु प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. दुप्पट पेट्रोल हवे तर दाब चौपट करावा लागतो, आणि पंप बिचारा तेथवर पोहोचत नाही. दुसरा मार्ग अधिक मोहक आहे. मोठे इंजेक्टर बसवावयाचे, आणि मूळ संगणकाकडे जाणाऱ्या हवेच्या मापात एका लहानशा यंत्राने वाटेतच खोट घालावयाची. हवा कमी आली असे कळले म्हणजे संगणक मोठ्या इंजेक्टरांतूनही बेताचेच पेट्रोल सोडतो. वरवर पाहता जमाखर्च जुळला! पण तोच संगणक त्याच मापावरून ठिणगी केव्हा पाडावयाची हेही ठरवीत असतो. इंजिनावर भार थोडा आहे अशा समजुतीने तो ठिणगी लवकर पाडतो, आणि दाबाखाली तर ती उशिरा पडावयास हवी. पेट्रोलसाठी सांगितलेले खोटे असे ठिणगीला जाऊन भोवते.

म्हणून मूळ संगणकाची कोष्टके नव्याने लिहिता येत असतील तर ती लिहावीत, नसतील तर स्वतंत्र संगणक बसवून आत जाणाऱ्या हवेचा दाब व तापमान यांवरून तिचे वजन काढावे, असे आमचे मत पडले. त्याला खर्च आहे, आणि कोष्टके भरणारा जाणता माणूस त्याहून दुर्मिळ. पण सर्वांआधी धुरातील प्राणवायू मोजणारे रुंद पल्ल्याचे मापक पाहिजे. जुन्या गाडीतील मूळ मापकास हवा १४.७ च्या अलीकडे की पलीकडे इतकेच कळते. बारा की तेरा, हे त्याला सांगता येत नाही.

त्या तरुणाने तूर्त मापक तेवढे घेतले आहे. टर्बोचार्जर कागदात गुंडाळलेला कपाटावर पडून आहे, आणि गाडी नेहमीच्याच वाऱ्यावर धापा टाकीत चढ चढते.