सिरसाळा : प्लस आणि मायनस

‘‘बीडची का तू? बीडमध्ये कुठे?’’

‘‘सिरसाळा.’’

‘‘हे कुठे आलं?’’

पुण्यातल्या आठ वर्षांत हा डायलॉग इतक्या वेळा झालाय, की माझं उत्तर पाठ आहे. परळी वैजनाथ माहितीये ना, ज्योतिर्लिंगवालं? तिथून बीडच्या रस्त्याला लागलात की आम्हीच! डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, तेव्हापासून तर फ्लॅट बघायला गेलं की ‘बीड’ ऐकून मालकाच्या आधी भुवया वर जातात, मग डिपॉझिट.

तर अशी मी. मास कॉमची डिग्री, फ्रीलान्स पत्रकार आणि गावाच्या हिशेबात लग्नाला ‘उशीर झालेली’. गेल्या उन्हाळ्यात लॅपटॉप उचलून सिरसाळ्याला परत आले. लेख काय, कुठूनही मेल करता येतो. रूमचं भाडं वाचेल, आईच्या हातचं खायला मिळेल, सिंपल फंडा! महिनाभरानं मी वहीत चक्क दोन रकाने आखले. प्लस आणि मायनस.

प्लस पटापट भरला. भाडं शून्य. ट्रॅफिक शून्य. सकाळी तव्यावरची गरम ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. पुण्यात रोज सिग्नलवर जाणारे दोन तास आता माझे. त्यात मी वाचते, झोपते, कधी कधी गच्चीवर नुसतीच बसते.

मायनस? मल्टिप्लेक्स नाही, कॉफी शॉप नाही, हे सोडा. त्याची सवय होते. पण उन्हाळ्यात पाण्याचं काय? परळीचं थर्मल पॉवर स्टेशनच पाण्याअभावी २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये बंद ठेवावं लागलं होतं. तिथे आमच्या नळाचं काय घेऊन बसलात! रेल्वेचं म्हणाल, तर अहिल्यानगर-बीड-परळी मार्ग मंजूर झाला १९९५ मध्ये, माझ्या जन्माच्याही आधी. बीडपर्यंत गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला.

पण सगळ्यात मोठा मायनस म्हणजे प्रायव्हसी. कुरिअरवाला दारात पोचायच्या आधी गल्लीला पार्सलची बातमी. रात्री उशिरापर्यंत माझ्या खोलीत लाइट दिसला, की सकाळी चौकशी, ‘‘रातभर काय करायलीस बाई?’’ एडिटरचा फोन गच्चीवर घेतला, की संध्याकाळी आईला प्रश्न, ‘‘पोरगा कोण आहे?’’ आणि समोरच्या मावशीचा रोजचा, ‘‘परत कवा जाणार?’’

मग दसऱ्याच्या आठ दिवस आधी, रात्री दोनला, बाबांच्या छातीत कळ आली.

गावातल्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, थांबू नका, अंबाजोगाई गाठा. पुण्यात माझ्या रूमपासून दहा मिनिटांवर तीन हॉस्पिटल्स होती. इथे आधी परळी, मग पुढचा रस्ता. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावतेय, तोवर शेजारचे नाना जीप काढून दारात उभे! मी त्यांना उठवलंच नव्हतं. आमच्याकडे अवेळी लागलेला लाइट त्यांना दिसला होता. गल्लीतल्या चौघांनी बाबांना बाजेसकट उचलून जीपपर्यंत आणलं. एकानं खिशातल्या नोटा न मोजता माझ्या हातात कोंबल्या. ‘‘वेळेत आणलंत,’’ तिथले डॉक्टर म्हणाले. बाबा वाचले.

घरी आल्यावर वही काढली. ‘प्रायव्हसी’ हा शब्द मायनसमधून खोडला. माझ्या खोलीचा लाइट मोजणाऱ्या डोळ्यांनीच तर बाबांना वाचवलं होतं. पण तो प्लसमध्ये लिहायला गेले आणि पेन थांबलं. कारण दसरा झाला आणि त्या चौघांपैकी तिघं ऊसतोडीला निघाले. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरं सोबत, नाहीतर म्हाताऱ्यांजवळ. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी थेट कर्नाटकात. आता हंगाम संपेपर्यंत आमच्या गल्लीतल्या निम्म्या दारांना कुलपं. हीच कळ डिसेंबरात आली असती तर? बाज उचलायला कोण होतं?

छोट्या गावाचा खरा प्लस म्हणजे त्याची माणसं. आणि आमच्या गावातून सगळ्यात आधी बाहेर पडतात तीही माणसंच. ते पोटासाठी जातात, मी करिअरसाठी गेले होते. फरक एवढाच, की मला वहीत रकाने आखून विचार करता येतो. त्यांना तेवढी चैनही नाही.

दिवाळीनंतर पुण्यातून एका नोकरीची ऑफर आली. पगार बरा आहे, खोटं कशाला बोलू? मी विचार करायला उन्हाळ्यापर्यंतची वेळ मागून घेतलीये. तोवर एक नवा उद्योग सुरू केलाय. नानांकडून जीप चालवायला शिकतेय. गल्ली रिकामी असताना कुणीतरी स्टिअरिंगवर बसणारं हवंच ना!

आणि मावशीचा प्रश्न? तो अजून रोज येतो. मी हल्ली सांगते, ‘‘टोळ्या परत येऊ द्या मावशी, मग बघू.’’