ती निवडणूक हरली ते बरं झालं

लॉरा रोझलिन ही माझी फार वर्षांची लाडकी राष्ट्राध्यक्ष. 'बॅटलस्टार गॅलेक्टिका' या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेतली. २००३ च्या डिसेंबरात आधी छोटी मालिका आली, मग मार्च २००९ पर्यंत चार सीझन चालले. माणसांनीच बनवलेली सायलॉन नावाची यंत्रं उलटतात, बारा वसाहती अणुहल्ल्यात बेचिराख होतात, आणि उरलेली पन्नास हजार माणसं 'गॅलेक्टिका' या जुन्या युद्धनौकेच्या आसऱ्यानं अंतराळात पळत सुटतात. राष्ट्राध्यक्ष गेलेला, त्याच्या मागोमाग ज्यांचा हक्क लागायचा तेही सगळे गेलेले. यादीत ४३ व्या क्रमांकावर असते शिक्षणमंत्री रोझलिन. स्तनाचा कर्करोग झाल्याचं डॉक्टरांनी तिला त्याच दिवशी सांगितलेलं असतं. एका प्रवासी यानात ती शपथ घेते. ते दृश्य पाहताना केनेडींच्या हत्येनंतर १९६३ मध्ये विमानात शपथ घेणाऱ्या लिंडन जॉन्सन यांचं छायाचित्र डोळ्यांपुढे येतं.

मी जन्मभर शाळेत शिकवलं. लष्करातले लोक जिला सुरुवातीला नुसती शाळेतली बाई समजतात, ती पुढे त्यांना आपलं ऐकायला लावते, हे पाहताना माझा ऊर भरून यायचा. मेरी मॅकडॉनल या अभिनेत्रीनं ती भूमिका अशी केली आहे की आवाज न चढवताही समोरचा गप्प होतो. मुलाच्या लॅपटॉपवर आम्ही दोघांनी मिळून मालिका पाहिली तेव्हा त्याचं आणि माझं रोझलिनवरून वाजायचं. तो म्हणायचा, "आई, ही बाई हुकूमशहा आहे." मी म्हणायचे, "पन्नास हजार जीव तुझ्या अंगावर टाकले की मग बोल."

माझ्या बाजूनं पुरावे भरपूर होते. पहिल्याच दिवशी तिला ठरवावं लागतं की ज्या यानांना प्रकाशापेक्षा वेगानं झेप घेता येत नाही ती मागे सोडायची. त्यांतल्या एका यानावरच्या लहान मुलीशी ती थोड्याच वेळापूर्वी बोललेली असते. थांबलो तर सगळेच मरणार, म्हणून निघायचं. मग '३३' नावाचा भाग. दर ३३ मिनिटांनी सायलॉन येऊन हल्ला करतात, ताफा पुढे झेप घेतो, पुन्हा ३३ मिनिटं. पाच दिवस कुणाच्या डोळ्याला डोळा नाही. 'ऑलिंपिक कॅरियर' हे यान मागे पडतं आणि नंतर परत येतं तेव्हा संशय असा की शत्रू त्याच्याच मागावरून येतोय. त्यावर १,३४५ प्रवासी असल्याची नोंद असते. रोझलिन आणि 'गॅलेक्टिका'चा कमांडर अडामा मिळून ते यान पाडायचा हुकूम देतात. त्या भागाला २००५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता.

त्याच भागात तिच्या कार्यालयातला पांढरा फलक ठसतो. जिवंत माणसांचा आकडा त्यावर मार्करनं लिहिलेला असतो आणि ती तो स्वतः पुसून कमी करते. शेवटी बातमी येते की एका यानावर मूल जन्मलं. ती उठते आणि आकडा एकानं वाढवते. माझ्या लेखी रोझलिन म्हणजे तो फलक. आकडा टिकला पाहिजे, वाढला पाहिजे. त्यासाठी तिनं जे करावं ते तिला माफ.

म्हणून लेओबेन नावाच्या सायलॉन कैद्याला ती जिवाची हमी देते, त्याच्याकडून माहिती काढून घेते आणि पुढच्याच क्षणी त्याला यानाच्या दारातून बाहेर अंतराळात फेकायला सांगते, तेव्हाही मी तिच्या बाजूनं होते. अ‍ॅडमिरल केन या अडामाच्या वरिष्ठ अधिकारी स्त्रीचा काटा काढण्याचा सल्ला ती त्याला देते तेव्हाही. आणि दुसऱ्या सीझनच्या शेवटी तिची माणसं मतपत्रिकांमध्ये घोळ करतात तेव्हा तर मी मनापासून म्हणत होते, हे पचू दे.

ते प्रकरण असं. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक असते, समोर गायस बाल्टर. हुशार, भित्रा, स्वतःपलीकडे काही न दिसणारा शास्त्रज्ञ. अपघातानंच एक राहण्याजोगा ग्रह सापडतो. थंड, ओसाड, पण पायाखाली जमीन. बाल्टर म्हणतो, इथं वस्ती करू. रोझलिन म्हणते, सायलॉन शोधून काढतील, थांबण्यात मरण आहे. महिनोन्‌महिने पत्र्याच्या खोल्यांत कोंडलेल्या लोकांना जमीन हवी असते. रोझलिनला खात्री असते की बाल्टर शत्रूला सामील आहे. हल्ल्यापूर्वी त्याला तिनं एका सायलॉन स्त्रीबरोबर पाहिल्याचं तिला आठवतं. पण हातात पुरावा नसतो. तिची सहायक टोरी आणि अडामाचा उजवा हात कर्नल टाय मतांची फिरवाफिरव करतात, तिच्या माहितीनं. फेलिक्स गेटा नावाचा नेटका तरुण अधिकारी ते पकडतो. अडामा तिच्यापुढे येऊन बसतो आणि निवडणूक चोरायची की नाही एवढाच प्रश्न ठेवतो. ती माघार घेते. बाल्टर जिंकतो. वर्षभरात सायलॉन येतात, ग्रहावर छावण्या, छळ आणि मृत्युदंडाच्या याद्या सुरू होतात.

इतकं घडल्यावर मालिकाच माझ्या बाजूनं साक्ष देते आहे असं वाटायचं. अडामानं तत्त्व पाळलं आणि माणसं मेली. मुलाला मी हेच सुनवायचे.

हे मत हललं ते एका मतदान केंद्रावर. शिक्षकांना निवडणुकीची ड्युटी चुकत नाही. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत केंद्राध्यक्ष म्हणून नेमणूक झाली होती. दुपारी एक आजोबा आले. नोंदवहीत सही केली, बोटाला शाई लावून घेतली, आणि यंत्राकडे न जाता म्हणाले, "मला कुणालाच मत द्यायचं नाही." मी सांगितलं, नोटाचं बटण आहे. तर म्हणाले, "नको बाई, तेही दाबायचं नाही." अशा माणसासाठी नियम आहे. नोंदवहीत त्याच्या नावासमोर शेरा लिहायचा आणि त्याखाली त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. आजोबांनी थरथरत्या हातानं पुन्हा सही केली आणि काठी टेकत गेले. संध्याकाळी यंत्र बंद करून टोटलचं बटण दाबलं तर आकडा नोंदवहीपेक्षा एकानं कमी. दिवसभर एकमेकांकडे न बघणारे दोन पक्षांचे प्रतिनिधी माझ्या टेबलाशी आले. मी शेरा दाखवला. दोघांनी वाचला, मान डोलावली, मतांचा हिशेब मांडणाऱ्या १७ सी च्या नमुन्यावर सह्या केल्या आणि आपापली प्रत घेऊन गेले.

काही दिवसांनी घरी एकटीच बसून तो दुसऱ्या सीझनचा शेवट पुन्हा पाहिला. गेटा मतपत्रिका हातात घेऊन उभा असतो तिथं मी थांबवलं. माझ्या केंद्रावर एका म्हाताऱ्याच्या नकारालाही स्वतंत्र ओळ होती, आणि रोझलिनच्या ताफ्यात हजारो लोकांनी दिलेला होकार गुपचूप बदलला जात होता. पांढऱ्या फलकावर या चोरीनं एकही आकडा बदलला नसता. फलक माणसं जिवंत किती ते सांगतो. त्यांना काय हवं ते विचारण्याची जागा त्यावर नाही. मी इतकी वर्षं तिचं सगळं राजकारण त्या फलकावरून तोलत होते.

मग आधीचे भागही वेगळे दिसू लागले. जेमेनॉन वसाहतीची एक तरुण मुलगी गर्भपातासाठी पळून गॅलेक्टिकावर येते. रोझलिननं आयुष्यभर स्त्रीच्या या हक्काची बाजू घेतलेली. त्या मुलीला ती आसरा देते, पण तिच्यानंतर सगळ्यांसाठी गर्भपातावर बंदी घालते. कारण एकच, फलकावरचा आकडा घसरतोय. पहिल्या वेळी मला हा निर्णय दुःखद पण अटळ वाटला होता. आता मला आमचं १९७६ साल आठवतं. आणीबाणीत महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. इथं आकडा कमी करायचा होता, तिथं वाढवायचा. दोन्हीकडे बाईच्या अन्‌ पुरुषाच्या शरीराचा निर्णय आकड्यानं घेतला. आणीबाणीच्या त्या हट्टाबद्दल मी वर्गात मुलांना संतापून सांगत आले आहे. रोझलिनला मात्र मी सूट दिली होती, कारण ती मला आवडत होती आणि तिचा हेतू चांगला होता.

लेओबेनचंही तसंच. यानाचं दार उघडून माणूस बाहेर टाकायचा, ही रीत राष्ट्राध्यक्षांच्या हुकमानं एकदा रुळली. तिसऱ्या सीझनमध्ये, ग्रहावरून सुटका झाल्यावर, काही लोक गुप्त न्यायासन मांडतात आणि शत्रूला साथ दिल्याच्या संशयावरून आपल्याच माणसांना असंच अंतराळात सोडू लागतात. गेटावरही ती पाळी येते. त्यानं खरं तर छावणीतून बंडखोरांना गुपचूप बातम्या पुरवलेल्या असतात. ते अगदी शेवटच्या क्षणी कळतं म्हणून तो वाचतो. रोझलिन पुन्हा पदावर येताच ते न्यायासन बंद करते, सर्वांना माफी जाहीर करते आणि सत्य व सलोख्यासाठी आयोग नेमते. हे करताना तिला स्वतःचा हुकूम आठवला असेल का, हे मालिका सांगत नाही. मला आठवला.

मुलाशी पुन्हा वाद झाला, यावेळी बाजू बदलून. तो म्हणाला, "पण आई, त्या ग्रहावर मेलेले लोक? चोरी पचली असती तर ते वाचले असते." हा प्रश्न मला टाळता येत नाही आणि त्याचं उत्तर गोडही नाही. हो, कदाचित वाचले असते. पण हे तुला आणि मला माहीत आहे, कारण आपण तिसरा सीझन पाहिलाय. रोझलिननं पाहिला नव्हता. त्या ग्रहाचा सुगावा सायलॉनना लागतो तो एका यानावरच्या अणुस्फोटाच्या किरणोत्सारामुळे, आणि तो बॉम्ब बाल्टरनंच गुपचूप दुसऱ्याच्या हाती दिलेला असतो. मतदानाच्या दिवशी मतदाराला हे ठाऊक नाही, रोझलिनलाही नाही. तिच्याजवळ होती ती खात्री. आणि तेवढीच पक्की खात्री तिला ताफ्यातल्या भविष्यवाण्यांवर, औषधाच्या अमलाखाली पडलेल्या स्वप्नांवरही होती. त्यांतल्या काही खऱ्या ठरल्या, काही नाही. खात्रीच्या बळावर मतं बदलायची मुभा दिली तर ती पुढच्याही माणसाला द्यावी लागते, आणि तो पुढचा माणूस बाल्टर असू शकतो.

गेटाचं पुढे काय झालं, याचाही मी पहिल्या वेळी फारसा विचार केला नव्हता. मतांचा घोळ पकडणारा हाच अधिकारी चौथ्या सीझनमध्ये बंड करतो. तोवर त्याचा पाय गेलेला असतो, ज्यांच्यापासून पळालो त्याच सायलॉनांच्या एका गटाशी युती झालेली असते, कारणं अनेक. पण आपल्या सरकारवरचा विश्वास त्याचा कधी ढळायला लागला असेल, याचा शोध घेताना मी पुन्हा त्या मतपत्रिकांपाशीच येते. बंडात त्याचा साथीदार झारेक लोकप्रतिनिधींना गोळ्या घालून मारतो. बंड फसतं आणि दोघांनाही गोळ्या घालतात. गेटाचा तो अखेरचा प्रसंग मला आता रोझलिनच्या मृत्यूइतकाच जड जातो.

रोझलिन मला अजूनही आवडते. मागे राहिलेल्या यानांचा आणि 'ऑलिंपिक कॅरियर'चा निर्णय मी आजही तिच्या बाजूनं मोजते. तिथं वेळ मिनिटांत होती आणि दुसरी वाट खरोखर नव्हती. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात या मालिकेवर चर्चासत्र झालं, त्यात मेरी मॅकडॉनल आणि अडामाची भूमिका करणारे एडवर्ड जेम्स ओल्मोस बसले होते आणि विषय होते मानवी हक्क, दहशतवाद, सलोखा. एका टीव्ही मालिकेतल्या राष्ट्राध्यक्षेवर तिथं गंभीरपणे बोलावंसं वाटलं, यात तिच्या कठोर निर्णयांइतकाच त्या एका माघारीचाही वाटा आहे असं मी मानते. निवडणूक तिच्या खिशात होती. बाल्टर काय करील याची तिला धास्ती होती. कुणाला कळण्याआधी प्रकरण दाबता आलं असतं. तरी ती उठली आणि हरली. राष्ट्राध्यक्ष म्हणून तिनं केलेलं सर्वांत मोठं काम ते आहे, असं माझं आजचं मत आहे.

ज्यांनी ही मालिका पाहिली आहे त्यांना एक विनंती. घरातल्या कुणा नव्या माणसाला ती दाखवाल तेव्हा पुढचं काही सांगू नका. दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागात अडामा तिच्यापुढे येऊन बसतो तिथं थांबवा, आणि त्यांना विचारा की तुम्ही असता तर काय केलं असतं. उत्तर मिळाल्यावरच पुढचा भाग लावा.