कल्याण जंक्शनवरून दोन वाटा

कल्याणच्या माणसाला प्रवासाचे अप्रूप नाही. पहाटे उठायचे, डबा भरायचा, पूल चढायचा आणि लोकल पकडायची, यातच आमच्या दोन पिढ्या गेल्या. माझे वडील परळच्या गिरणीत कामाला होते. कोळसेवाडीतून अंधारात निघत आणि अंधारातच परत येत. परळ म्हटले की भोंगा, कापसाची धूळ आणि वडिलांचा खोकला एवढेच आम्हा भावंडांच्या डोळ्यांपुढे येई. त्याच परळला पुन्हा एकदा, पण वेगळ्याच कारणाने, मी नुकताच जाऊन आलो. त्या प्रवासाची ही हकीकत.

माझी भाची सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाली. पुढे पुण्यातील एका प्रयोगशाळेत पीएच.डी.साठी तिची निवड झाली. विषय विषाणूंच्या प्रथिनांचा. घरात पेढे वाटायचे तर आक्काने, म्हणजे तिच्या आईने, अन्नपाणी सोडल्यासारखे केले. कारणही तसेच होते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत भाऊजी गेले. शेवटचे तोंडही नीट पाहता आले नाही. आक्का एवढेच म्हणाली, "ज्यानं बाप नेला, त्याच्याच मागं आता पोरीनं जायचं?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी म्हणालो, "आक्का, नाही म्हणायचं असेल तर म्हण. पण ज्या कामाला नाही म्हणतेस, ते काम कुठं आणि कसं झालं ते एकदा पाहून तर घे." म्हणून परळच्या हाफकिन संस्थेत आधी विचारणा करून, परवानगी घेऊन, आम्ही तिघे एके दिवशी निघालो.

२०१९ सालापासून परळहून सुटणाऱ्या आणि परळलाच संपणाऱ्या लोकल सुरू झाल्या आहेत. गर्दी ओसरल्यावर तशीच एक गाडी धरली. ठाकुर्ली, डोंबिवली, कोपर, दिवा. मुंब्र्याला एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी आली, तशी आक्का खिडकीशी सरकली. मी भाचीला म्हणालो, "बाई, आम्हाला समजेल अशा भाषेत सांग. विषाणू म्हणजे नेमके काय?"

ती म्हणाली, "मामा, चिठ्ठी आणि पाकीट. आत चिठ्ठी, म्हणजे आपल्यासारखे आणखी विषाणू कसे तयार करायचे याची कृती. बाहेर पाकीट, ते प्रथिनांचे. कोरोनाच्या पाकिटाला चरबीचाही एक थर असतो. साबणाने चरबी विरघळते आणि पाकीट फुटते. म्हणून त्या वेळी हात धुवायला सांगत होते."

विषाणू इतका बारीक, की कोरोनाचे काहीशे विषाणू एका केसाच्या जाडीवर ओळीने बसावेत. त्याला स्वतःचे घर नाही, स्वतःची चूल नाही. आपल्या शरीरातल्या पेशीत शिरायचे आणि तिच्याच चुलीवर आपला स्वयंपाक करून घ्यायचा, एवढेच त्याला ठाऊक. शिरण्यासाठी त्याच्या अंगावर प्रथिनांचे खुंट असतात. आपल्या पेशीवरच्या एका प्रथिनात तो खुंट कुलपात किल्ली बसावी तसा बसतो. लस घेतल्यावर आपले शरीर त्या किल्लीचा आकार ओळखू लागते आणि तिला चिकटून बसणारी प्रतिपिंडे तयार करते. ती प्रतिपिंडेही प्रथिनेच.

आक्का खिडकीतून बाहेर पाहत होती, पण कान आतच होते. ती म्हणाली, "म्हणजे शिरतो तो प्रथिनानं आणि अडतो तोही प्रथिनानंच?"

"हो आई. आणि प्रथिनाचे सगळे काम त्याच्या घडीवर चालते. अंडे उकडले की पांढरे आणि घट्ट होते ना? त्यातल्या प्रथिनांची घडी मोडते. मग ते पुन्हा कच्चे होत नाही. आम्ही ती घडीच शोधतो. किल्लीला दात किती, वाकण कुठे."

ठाणे आले. १८५३ साली १६ एप्रिलला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी इथपर्यंतच आली होती. रेल्वे आली तशी माणसे आली, गिरण्या आल्या, चाळी आल्या. दाटीवाटीच्या वस्तीत रोगही आले.

परळला उतरून रुग्णालयांच्या गर्दीतून वाट काढत आम्ही हाफकिन संस्थेच्या आवारात शिरलो. बाहेर केईएम आणि टाटा रुग्णालयांची धावपळ, आत जुनी झाडे आणि एक भली मोठी दगडी वास्तू. ही एकेकाळी मुंबईच्या गव्हर्नरांची कोठी. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी येथेच कॉलऱ्याने वारल्या. त्यानंतर गव्हर्नरांनी मुक्काम मलबार हिलला हलवला. रोगाला कोठी आणि झोपडी सारखीच, हे त्या वास्तूने तेव्हाच पाहिले.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. सरकारने वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाला पाचारण केले. आपल्या वाचकांनी या माणसाची गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. विद्यापीठात हुशार ठरला, पण ज्यू असल्यामुळे प्राध्यापकीचे दार बंद. धर्म बदल, मग पाहू, असे उत्तर मिळाले. त्याने ते मानले नाही. देश सोडला आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ग्रंथालयातला मदतनीस म्हणून लागला. पुस्तकांचे काम सांभाळून प्रयोगशाळेत काम करू लागला. १८९२ साली त्याने कॉलऱ्याची लस तयार केली आणि पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. मुंबईत भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात छोट्याशा जागेत काम करून प्लेगची लस केली. तीही १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःच्या अंगात टोचली. जन्मावरून ज्याला दार बंद केले, त्याने जगासाठी दार उघडले.

याच कोठीत १० ऑगस्ट १८९९ रोजी प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली आणि १९२५ साली तिला हाफकिनचे नाव मिळाले. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून लसीचे २ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले. वाट सरळ मात्र नव्हती. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिनवर आला. पुढे १९०७ साली तो निर्दोष ठरला. दोष लसीत नव्हता, गावात बाटली उघडताना अवजार नीट निर्जंतुक केले नव्हते. एका चिमट्याची हयगय आणि १९ जीव. प्रयोगशाळेतली शिस्त म्हणजे नुसता नियमांचा बाऊ नव्हे, हे आक्काला येथे कळले असावे. ती भाचीला म्हणाली, "तू तुझी हत्यारं स्वतःच्या डोळ्यांनी बघत जा."

"पण मामा," भाचीने मला दुरुस्त केले, "प्लेगचा जंतू असतो, तो विषाणू नव्हे. जंतू स्वतःच्या बळावर जगतो, साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतो. विषाणूला परक्याचे घर लागते, आणि तो पाहायला बहुधा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो." प्लेगसाठी सुरू झालेल्या या संस्थेने पुढे विषाणूंचेही काम हाती घेतले. २०२० साली कोरोनाच्या नमुन्यांची तपासणी येथेही झाली.

तेथून निघालो आणि चालत पोयबावडीकडे वळलो. प्लेगनंतर सरकारला जाग आली, १८९८ साली मुंबई सुधार ट्रस्ट, म्हणजे बी.आय.टी., स्थापन झाला आणि त्याने कामगारांसाठी चाळी बांधल्या. त्यातल्याच परळच्या एक नंबर चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ अशी बावीस वर्षे राहिले. लसीची प्रयोगशाळा आणि ही चाळ, दोहोंना एकाच प्लेगने जन्म दिला. दोन्ही पायी जाण्याच्या अंतरावर, आणि माझे वडील वर्षानुवर्षे याच रस्त्यांनी गिरणीत जात. आम्हाला हे कोणी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

चाळीसमोर उभे असताना मला आणखी एक तारीख आठवली. हाफकिनने स्वतःला लस टोचली त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड या प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना प्लेगने गाठले. मूल वाचले, माऊली गेली. एकाने रोग समजून घेण्यासाठी अंगावर घेतला, एकीने रोगी वाचवण्यासाठी. ज्या काळात माणूस माणसाला शिवत नव्हता, त्या काळातल्या या गोष्टी आहेत. मी मोठ्याने बोललो नाही, पण आक्काने चाळीच्या जिन्याकडे पाहत हात जोडले.

परतीच्या गाडीत तिने पहिला खरा प्रश्न विचारला. "तिथं जिवंत विषाणूला हात लावायचा का गं?"

भाची म्हणाली, "नाही आई. मला किल्लीचा ठसा पाहायचा आहे, त्यासाठी चोराला घरात आणावे लागत नाही. विषाणूच्या चिठ्ठीतली एकच ओळ, त्या एका प्रथिनाची कृती, निरुपद्रवी जंतूच्या पोटात घालतात. तो जंतू आम्हाला ते प्रथिन तयार करून देतो. नुसत्या प्रथिनाला जीव नाही, ते वाढत नाही, कुणाला लागण करत नाही." जिवंत, घातक विषाणूंसाठी वेगळ्या प्रयोगशाळा असतात. त्यांचे धोक्यानुसार चार स्तर आहेत. वरच्या स्तरावर आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात, म्हणजे वारा बाहेरून आत जाईल, आतला बाहेर येणार नाही. चौथ्या स्तरावर तर अंगभर बंद पोशाख, त्यात नळीने हवा आणि बाहेर पडताना स्नान.

पंधरा दिवसांनी कल्याणहून दुसरी वाट धरली. सकाळची इंद्रायणी, कर्जत, खंडाळ्याचा घाट, पुणे. भाचीची प्रयोगशाळा वेगळी, पण आधी आम्ही राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था बाहेरून पाहिली. तिचा पत्ता वाचून माझे मन भरून आले: २०-अ, डॉ. आंबेडकर रोड. १९५२ साली ती विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली आणि १९७८ साली तिला आजचे नाव मिळाले. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली, तेव्हा तो विषाणू याच केंद्राने शोधला. १९६५ साली नागपूरकडील चांदिपुरा गावातील रुग्णांच्या रक्तात नवा विषाणू सापडला, तो आज जगाच्या पुस्तकांत चांदिपुरा नावानेच आहे. १९७३ साली बार्शीला चिकुनगुन्या पसरला, तेव्हाही तपास येथूनच झाला. जानेवारी २०२० मध्ये देशातला पहिला कोरोना रुग्ण निश्चित झाला तो येथील तपासणीने, आणि मार्चमध्ये तो विषाणू येथे वेगळा करण्यात आला. पाषाणच्या आवारात संस्थेची चौथ्या स्तराची प्रयोगशाळा आहे.

असे काम एकटा शास्त्रज्ञ करत नाही. मार्गदर्शक असतात, पाच-पाच वर्षे एका प्रथिनामागे लागलेले विद्यार्थी असतात, यंत्र सांभाळणारे असतात, रानातून डास आणि गोचिड्या गोळा करणारे असतात, काचसामान धुणारे असतात. त्यातला एकही चुकला तर सगळ्यांचे काम वाया जाते. मुल्कोवालचा चिमटा आठवावा.

आता पोटापाण्याचे. पीएच.डी.ची वर्षे लांब असतात आणि गरीब घराला तीच भीती वाटते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी पुण्याच्या बार्टी संस्थेची डॉ. बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय संशोधन अधिछात्रवृत्ती आहे, तसेच केंद्र सरकारची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे. नियम आणि मुदती बदलत असतात, म्हणून जाहिरात स्वतः वाचावी आणि कागदपत्रे आधीच तयार ठेवावीत. जातपडताळणी ऐन वेळी करू म्हणणाऱ्यांची वर्षे वाया गेलेली मी पाहिली आहेत.

आपल्या मुलांना आपण जत्रा दाखवतो, चौपाटी दाखवतो. एखाद्या सुट्टीत त्यांना परळ दाखवावे. आधी विचारून हाफकिनची वास्तू पाहावी, मग चालत पोयबावडीची चाळ पाहावी. कल्याणहून फार तर दीड तासाचा रस्ता आहे.

आक्काचे सांगायचे राहिले. परवा तिच्याकडे गेलो होतो. भिंतीवर भाऊजींचा फोटो, खाली पोरीने पुण्याहून पाठवलेले पत्र. शेजारच्या बाई विचारत होत्या, "तुमची पोरगी तिकडं नक्की करते तरी काय?"

आक्का भाकरी थापता थापता म्हणाली, "ज्या किल्लीनं आमचं घर फोडलं ना, तिचा ठसा घेते. दुसऱ्या कुणाचं घर फुटू नये म्हणून."