पट्टी बदलणाऱ्या सिस्टर

गेल्या रमजानमध्ये इफ्तारनंतर आमच्याकडे गप्पा रंगल्या होत्या. मी बोलता बोलता मिरजेच्या मिशन हॉस्पिटलचं नाव आदरानं घेतलं. एक तरुण नातेवाईक लगेच म्हणाला, "भाईजान, तुम्ही त्यांचं एवढं कौतुक का करता? ते लोक धर्म बदलायलाच आले होते ना?" नमाजची वेळ झाली आणि विषय तिथंच तुटला. पण त्याचं उत्तर माझ्यावर कर्ज म्हणून राहिलं. ते आज फेडतो आहे.

माझे अब्बा गवंडी होते. 1987 च्या पावसाळ्यात एका बांधकामावर फळीचा गंजलेला खिळा त्यांच्या तळपायात घुसला. गवंडी माणसाला खिळ्याचं काय कौतुक! हळद-तेल लावून, फडकं बांधून ते दुसऱ्या दिवशी कामावर गेले. त्यांना साखर आहे हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. दहा-बारा दिवसांत पाय सुजला, दोन बोटं काळी पडली, घरात वास यायला लागला. गावच्या डॉक्टरांनी पाय बघितला आणि एवढंच म्हणाले, "आजच्या आज मिशनला न्या."

आमच्या भागात त्या दवाखान्याला कुणी पूर्ण नावानं ओळखत नसे. मिशन म्हटलं की मिरजेचं. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस 1889 साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले आणि 1894 साली त्यांनी मिरजेत रुग्णालय उभं केलं. पुढं तिथं वैद्यकीय शिक्षण सुरू झालं, कुष्ठरोग्यांची सोय झाली, क्षयरोग्यांसाठी वेगळं आरोग्यधाम झालं. सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीला त्यांचंच नाव आहे. मिरज रेल्वेचं जंक्शन असल्यानं कर्नाटकातूनही रोगी गाडीत बसून येत. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याचं आणि सतारी बनवणाऱ्या कारागिरांचं हे गाव दवाखान्यांचं गाव म्हणूनही ओळखलं जाऊ लागलं, त्याची सुरुवात तिथून झाली.

मला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. मी नववीत होतो. अब्बांची दोन बोटं काढली आणि पुढचे चाळीस दिवस आमचा मुक्काम वॉर्डात पडला. अम्मा दिवसा बसायची, मी रात्री कॉटखाली सतरंजी टाकून झोपायचो. निघताना गल्लीतल्या एकानं माझ्या कानात सांगितलं होतं, "लक्ष ठेव रे, ते गोड बोलून ईमान घेतात." त्यामुळं मी खरोखरच पहारेकऱ्यासारखा बसलो होतो. कॉटशेजारच्या कप्प्यात नव्या कराराची एक छोटी प्रत सापडली, तेव्हा मला वाटलं, चोर सापडला! मी ती अब्बांना दाखवली. अब्बांनी ती माझ्या हातातून घेतली, आपल्या धुतलेल्या रुमालात गुंडाळली आणि खिडकीच्या वरच्या फळीवर ठेवली. म्हणाले, "इंजील हय. पायताणाच्या उंचीवर ठेवायची चीज नाही."

त्या वॉर्डात पट्टी बदलायला एक सिस्टर येत. पन्नाशीच्या, सावळ्या, ठेंगण्या, बोलणं आपल्या इकडचंच. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांना ते आवडलं नसतं. त्या ट्रे घेऊन यायच्या, स्टुलावर बसायच्या आणि क्षणभर डोळे मिटायच्या. मग म्हणायच्या, "चाचा, पाय इकडं द्या." अब्बांचा पाय त्या स्वतःच्या मांडीवरच्या रबरी कापडावर घ्यायच्या. त्या पायाचा वास असा होता की शेजारच्या कॉटवरचे लोक तोंड फिरवत. मी त्यांचा सख्खा मुलगा, पण मीसुद्धा त्या वेळी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर जात असे. सिस्टरांच्या कपाळावर कधी आठी दिसली नाही. जुनी पट्टी चिकटली असेल तर ती ओढायच्या नाहीत. पाणी सोडत, भिजवत, हळूहळू सोडवायच्या. बारीक चौकशी चालू असायची : घर केवढं आहे, मुलगा शाळेत कसा आहे, भिंतीला ओळंबा कसा लावतात?

एके दिवशी त्यांनी विचारलं, "चाचा, आज गप्प का?" अब्बा आधी बोलेनात. मग म्हणाले, पहिल्या दिवसापासून नमाज सुटली आहे. पायाला पाणी लावायचं नाही, ते ठीक, पट्टीवरून ओला हात फिरवला तरी चालतो हे मौलानांनी सांगितलं आहे. पण पट्टीतून सारखा पू-रक्त झिरपतो, अशा कपड्यात उभं राहायला मन धजत नाही.

सिस्टरांनी विचारलं, "दुपारची नमाज किती वाजता असते?"

"सव्वा-दीडला."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपल्या फेरीचा क्रम बदलला. आमची कॉट दारापासून तिसरी होती, पण अब्बांची पट्टी त्या सगळ्यात शेवटी करू लागल्या, साडेबाराच्या पुढं, म्हणजे जोहरच्या वेळी पट्टी कोरडी आणि स्वच्छ असेल. पश्चिम कुठली ते विचारून त्यांनी वॉर्डबॉयला सांगून कॉट थोडी तिरकी करून घेतली. अब्बांनी बसल्या बसल्या नमाज पढली, तेव्हा त्या पलीकडच्या रोग्याजवळ होत्या. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मला राहवलं नाही. मी व्हरांड्यात त्यांना गाठलं आणि जरा उद्धटपणेच विचारलं, "सिस्टर, तुम्ही पट्टीच्या आधी डोळे मिटून काय म्हणता?" त्या हसल्या. म्हणाल्या, "माझा हात हलका राहू दे, एवढंच मागते बाळ. दुसरं काय मागणार?"

माझा पहारा त्या दिवशी संपला.

घरी सोडायची वेळ आली तेव्हा जखम भरायला अजून दोन-तीन महिने लागणार होते. एक दिवसाआड मिरजेला यायचं तर दोघांचं एस.टी.चं भाडं, आणि घरात मिळकत शून्य. सिस्टरांनी अम्माला शेजारी बसवलं आणि चार दिवस शिकवलं. हात कोपरापर्यंत साबणानं धुवायचे. पाणी उकळून झाकून गार करायचं. जखम आतून बाहेर पुसायची, बाहेरची घाण आत न्यायची नाही. जखमेला वास आला, ताप आला किंवा पायावर लाल रेघ वर चढताना दिसली, तर घरी थांबायचं नाही, तडक इथं यायचं. माझी अम्मा अंगठेबहाद्दर. तिनं ते सगळं कुराणातल्या सूरेसारखं पाठ केलं. पाचव्या दिवशी तिनं स्वतः पट्टी केली. सुरू करायच्या आधी "बिस्मिल्लाह" म्हणाली. सिस्टर म्हणाल्या, "हां, असंच."

पुढं दर ईदला अम्मा शीरखुर्म्याचा डबा माझ्या हाती मिरजेला पाठवायची. नाताळच्या सुमारास तोच डबा करंज्या भरून परत यायचा.

सात-आठ वर्षांनंतरची गोष्ट. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. आमच्या मोहल्ल्यात बाहेरगावचे एक वक्ते आले. बोलण्याच्या ओघात ते म्हणाले, मिशनच्या दवाखान्यात जाऊ नका, औषधाच्या बाटलीतून ते तुमचा दीन काढून घेतात. लोक माना डोलावत होते. मी पहिल्या दोन रांगांत होतो, शिकलेला होतो, सगळं डोळ्यांनी पाहिलेलं होतं, आणि मी गप्प बसलो. नव्या नोकरीवाल्या पोरानं मोठ्यांच्या तोंडाला लागू नये, अशी मनाची समजूत घातली. मागून काठीचा आवाज आला. अब्बा उठले होते. म्हणाले, "मेरा सडा हुवा पाँव उस लोगां ने मांडी पे लेके धोया. ईमान मेरा मेरेच पास हय." आणि आठ बोटांच्या पायांनी लंगडत बाहेर गेले. त्यांच्या मागोमाग उठायला हवं होतं. मी शेवटपर्यंत बसून राहिलो.

ती लाज अजून आहे. म्हणूनच त्या तरुण नातेवाइकाला नीट उत्तर द्यायचं आहे.

वानलेस आणि त्यांचे सोबती धर्मप्रसाराच्या हेतूनं आले होते, हे खरं आहे. त्यांनी ते कधी लपवलं नाही. आपल्याकडेही दावत आहेच. आपला विचार दुसऱ्याला सांगावासा वाटणं हा गुन्हा नाही. फसवणूक आणि जबरदस्ती गुन्हा आहे. पण दवाखाने आणि शाळा हे धर्म बदलण्याचे सापळे होते म्हणणाऱ्यानं एक आकडा पाहावा. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक शंभरात एकसुद्धा भरत नाहीत. एवढ्याशा समाजाच्या दवाखान्यांत, शाळांत, कुष्ठधामांत या राज्याच्या किती पिढ्या जाऊन आल्या, आणि आपापल्या देवाचं नाव घेत घरी परतल्या!

दुसरं म्हणजे, हे आपल्याला परकं नाही. मक्केत छळ असह्य झाला तेव्हा प्रेषितांनी (स.) आपल्या अनुयायांची पहिली तुकडी हबशाला पाठवली. तिथला राजा नजाशी ख्रिस्ती होता, आणि त्यानं त्या निर्वासितांना परत पाठवायला नकार दिला. सूरह माइदामध्ये ख्रिस्ती लोकांना आपल्या स्नेहाच्या जवळचं म्हटलं आहे, आणि कारण दिलं आहे ते असं, की त्यांच्यात साधक, संन्यासी आहेत आणि ते अहंकार करत नाहीत. मला हे वाचताना पुस्तकातले संन्यासी आठवत नाहीत. स्टुलावर बसलेल्या सिस्टर आठवतात.

पुढं वाचनात आणखी एक गोष्ट आली. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवसाचं वर्णन आहे : भुकेल्याला खाऊ घातलं, आजाऱ्याची विचारपूस केली, ती प्रत्यक्ष प्रभूचीच सेवा ठरली. आणि आपल्या सहीह मुस्लिममध्ये एक हदीस आहे, त्यात कयामतच्या दिवशी अल्लाह माणसाला विचारतो की मी आजारी होतो, तू मला भेटायला का आला नाहीस? दोन्हीकडचा प्रश्न जवळजवळ एकच आहे. पेपर एकच असेल तर शेजारच्या बाकावरच्यानं तो कसा सोडवला, याचा हेवा कशाला? शिकण्यासारखं असेल तर शिकावं.

आणि शिकवणारेही तिथं होते. नगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य 1970 साली गेलं. त्यांनी खेड्यातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. त्यांतल्या कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित वस्तीतल्या. त्याच बायका गावात बाळंतपणं, जुलाब, कुपोषण सांभाळू लागल्या. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मी त्यांच्याबद्दल वाचलं तेव्हा मला आमच्या वॉर्डातले ते चार दिवस आठवले. अक्षर न ओळखणाऱ्या बाईच्या हातात चिमटा देणं आणि तिला जमेल असा विश्वास ठेवणं, हे दोन्हीकडं सारखंच होतं.

कारण अम्मा तिथं थांबली नाही. अब्बांचा पाय भरला, पण तिच्या हातातली विद्या राहिली. गल्लीत कुणाला भाजलं, कुणाची साखरेची जखम चिघळली, की लोक तिला बोलवायचे. मुसलमान, मराठा, मांग, लोहार, कुणाचंही घर. उकळलेल्या पाण्याचं पातेलं झाकून ती निघायची. आणि लाल रेघ दिसली की भांडून, ओरडून त्या माणसाला मिरजेला पाठवायची. तिच्यामुळं किती पाय वाचले, मी मोजलेले नाहीत. तिनंही नाहीत.

ती थकल्यावर एकदा समोरच्या काकूंच्या टाचेला जखम झाली. अम्मा मला म्हणाली, "तू जा." मी खिशातून पाचशे रुपये काढले आणि म्हणालो, कंपाउंडरला पाठवतो. तिनं नोटेकडं पाहिलं आणि एवढंच विचारलं, "सिस्टरनं पैसे देऊन माणूस पाठवला असता, तर तुझे अब्बा बोलले असते का?"

मी गेलो. हात कोपरापर्यंत धुतले. काकूंचा पाय मांडीवर घेतला तेव्हा वास आला आणि तीस वर्षांपूर्वीसारखंच उठून जावंसं वाटलं. चिमटा हातात थरथरत होता. मी क्षणभर डोळे मिटले, बिस्मिल्लाह म्हटलं, आणि हात हलका राहू दे, एवढंच मागितलं. काकू म्हणाल्या, "घाबरू नको रे, मला दुखत नाही."

त्यांना दुखत होतं. पट्टी ओढून चालणार नव्हतं. मी पाणी सोडत राहिलो.