निजाम नावाचे जहाज

आमच्या हिंगोलीला समुद्र नाही. कयाधूला पूर आला की पुलावर गर्दी करणारी आम्ही माणसे. त्यामुळे एकोणीस वर्षांचा माझा मुलगा "अम्मी, मला नौदलात जायचंय" म्हणाला, तेव्हा तव्यावरची भाकरी करपली तरी मला कळले नाही.

त्याचे अब्बा हसून म्हणाले, "निजामाच्या नावाची तर युद्धनौकाच होती." मला ते ठाऊक नव्हते. दुसऱ्या महायुद्धात हिंगोली हैदराबाद संस्थानात होती. मीर उस्मान अली खान यांनी ब्रिटिशांना युद्धासाठी देणगी दिली, म्हणून एका विनाशिकेला 'निजाम' हे नाव मिळाले. 1941 मध्ये ती ऑस्ट्रेलियन नौदलात दाखल झाली. संस्थानाचा पैसा म्हणजे रयतेचा शेतसारा. आमच्या आजेसासऱ्यांच्या कापसाचा एखादा आणाही त्यात गेला असेल.

त्या जहाजावरची पोरे माझ्या मुलाच्याच वयाची. रात्रंदिवस पाळीपाळीने पहारा, आणि झोपायला छताला टांगलेल्या कापडी झोळ्या. वेढ्यात अडकलेल्या तोब्रुकला अंधारात दारूगोळा आणि धान्य पोचवायचे, जखमी सैनिक घ्यायचे आणि उजाडण्याआधी निघायचे. क्रीट बेटावरूनही त्यांनी सैनिक सुखरूप बाहेर काढले. या सगळ्यातून ती पोरे वाचली. पण फेब्रुवारी 1945 मध्ये, पश्चिम ऑस्ट्रेलियाजवळ, एका प्रचंड लाटेने जहाज आडवे केले. दहा खलाशी वाहून गेले. ना बॉम्ब, ना शत्रू, नुसते पाणी. सप्टेंबरात जपानने शरणागतीवर सही केली, तेव्हा हेच जहाज टोकियोच्या उपसागरात उभे होते. ते दहा जण मात्र त्यावर नव्हते.

जहाजाला नाव राजाचे मिळाले. पैसा रयतेचा गेला आणि पोरे कुणाकुणाच्या आयांची गेली. त्या आयांना कबरीवर मूठभर माती टाकणेही नशिबी आले नाही. धर्म वेगळा, मुलूख वेगळा, पण दाराकडे लागलेले डोळे सगळ्या आयांचे सारखेच.

मुलाला हे सगळे सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "अम्मी, त्यांनी कितीतरी लोकांना वाचवलंही ना?"

यावर मला उत्तर सुचले नाही. होकार मी अजून दिलेला नाही. पण परवा त्याच्या मामांना म्हटले, "भाईजान, याला नीट पोहायला शिकवा. कयाधूतलं पोहणं तिथं पुरायचं नाही."

ते ऐकून मुलगा हसला. फजरनंतरची माझी दुआ मात्र त्या दिवसापासून जरा लांबली आहे.